चेतापेशींची चढण

अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. आवाज फुटलेला नाही, मिसरूड नाही, बरोबरीची मुलं केव्हाच पुढे निघून गेलेली. आईवडील त्याला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे घेऊन येतात. डॉक्टर उंची-वजन पाहतात, रक्ताच्या तपासण्या लिहून देतात आणि मध्येच विचारतात, "तुला वास येतात का रे? पेट्रोलचा, कॉफीचा, फोडणीचा?" मुलगा आधी गोंधळतो, मग म्हणतो, नाही, कधीच नाही. आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

वयात येणं आणि वास येणं यांचा काय संबंध? असे रुग्ण डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होते. 1944 मध्ये फ्रान्झ कालमान यांनी काही कुटुंबांत ही जोडगोळी पिढ्यान् पिढ्या चालत आल्याची नोंद केली आणि या आजाराला त्यांचं नाव मिळालं. पण कारण कळायला आणखी 45 वर्षं जावी लागली.

तारुण्य सुरू करण्याचा आदेश मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये बसलेल्या थोड्याशा चेतापेशी देतात. माणसाच्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी, त्यात या अवघ्या काही हजार. 1989 मध्ये उंदरांच्या गर्भांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. त्या जन्मतात नाकात. गर्भ जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असताना त्या तिथून निघतात, नाकातून मेंदूकडे वाढत जाणाऱ्या मज्जातंतूंना धरून सरपटतात, नाक आणि मेंदू यांच्यामधली सच्छिद्र जागा ओलांडतात आणि हायपोथॅलॅमसमध्ये येऊन थांबतात. त्याच वर्षी कालमान आजार असलेल्या एका मानवी गर्भाची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात या पेशी नाकाच्या छतापाशी गोळा होऊन अडकलेल्या दिसल्या. वासाचे तंतू मेंदूला जाऊन भिडलेच नव्हते, म्हणून त्यांना धरून येणाऱ्या पेशीही पोचल्या नव्हत्या. वास नाही आणि तारुण्यही नाही, याचं मूळ एकच निघालं. 1991 मध्ये या आजाराच्या एका प्रकाराचं जनुक सापडलं. वासाच्या तंतूंना मेंदूशी जोडून घ्यायला लागणारं एक प्रथिन त्या जनुकातून तयार होतं आणि ते पेशींच्या भोवतालच्या जागेत सोडलं जातं. निघालेल्या पेशी धडधाकट होत्या. त्यांच्या पायाखालची वाट तुटली होती.

(अशा मुलांना उपचार आहे, हे इथेच सांगून टाकतो. हार्मोन्स देऊन त्यांना वयात आणता येतं आणि अनेकांना पुढे मुलंही होतात. पण त्यासाठी तो वासाचा प्रश्न कुणीतरी वेळेत विचारायला हवा.)

नाकातून आलेल्या या पेशी अपवाद वाटतील, पण तसं नाही. आपल्या मेंदूतल्या बहुतेक सगळ्या चेतापेशी जिथे काम करतात तिथे जन्मलेल्या नसतात. प्रत्येकीला चालत यावं लागलेलं असतं, आणि प्रत्येकीच्या वाटेवर दुसऱ्या कुणीतरी पेशी तिला धरायला, ढकलायला, थांबवायला उभ्या असतात.

मेंदूच्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थराचंच पाहा. याला कॉर्टेक्स म्हणतात. आपण बोलतो, आठवतो, हिशेब करतो ते याच्या जोरावर. तो जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड असतो आणि त्यात चेतापेशींचे सहा थर असतात. पण गर्भात या पेशी तयार होतात त्या पार आत, मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या भिंतीपाशी. तिथून पृष्ठभागापर्यंत जायचं, तर मधे दाट अरण्यासारखी पेशींची गर्दी. सुरुवातीच्या आठवड्यांत हे अंतर अगदी थोडं असतं, पण मेंदू वाढतो तसं ते वाढत जातं आणि माणसाच्या गर्भात सेंटिमीटरच्या घरात पोचतं. पेशीचा वेग तासाला काही डझन मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तासाला 30 मायक्रोमीटर धरले, तर एक सेंटिमीटर चढायला अखंड चालून चौदा दिवस लागतील. आणि पेशी काही अखंड चालत नाही.

ही चढण कशावरून होते, हे दाखवून दिलं पास्को राकिच यांनी. युगोस्लाव्हियात न्यूरोसर्जरी शिकलेले राकिच 1970 च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्डमध्ये माकडांच्या गर्भातल्या मेंदूचे अतिशय पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. एकेका कापात पेशीचा एकेक तुकडा दिसे. ते तुकडे एकमेकांवर रचून त्यांनी पूर्ण पेशी उभी केली, आणि प्रवासाला निघालेली प्रत्येक कोवळी चेतापेशी एका लांबलचक तंतूला बिलगलेली आहे, असं त्यांना आढळलं. हे तंतू पोकळीच्या भिंतीपासून थेट मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत ताणलेले असतात. ज्या पेशींचे ते तंतू, त्यांना अरीय ग्लिया म्हणतात. चाकाच्या आऱ्यांसारखी त्यांची रचना, म्हणून अरीय. रोममधल्या ज्युसेप्पे माजिनी यांनी 1888 मध्येच असे तंतू आणि त्यांच्यावरचे फुगवटे पाहिले होते, पण ते फुगवटे म्हणजे चढत चाललेल्या पेशी आहेत हे पक्कं व्हायला राकिच यांचे 1971 आणि 1972 चे शोधनिबंध यावे लागले.

पुढची तीसेक वर्षं अरीय ग्लियांकडे निव्वळ आधार देणाऱ्या पेशी म्हणून पाहिलं गेलं. हा त्यांच्यावर अन्यायच होता. 2000 आणि 2001 मध्ये जर्मनीत माग्दालेना ग्योट्स यांच्या आणि न्यूयॉर्कमध्ये अरनॉल्ड क्रीगस्टाइन यांच्या प्रयोगशाळांनी दाखवलं, की अरीय ग्लियाच चेतापेशींना जन्म देतात. क्रीगस्टाइन यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतल्या एकेका अरीय ग्लियाला चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाने रंगवलं आणि तिच्यावर पाळत ठेवली. पेशी विभागली. तिच्यापासून झालेली कोवळी चेतापेशी तिच्याच तंतूला बिलगली आणि वर निघाली. ज्या पेशीने जन्म दिला, तिच्याच अंगावरून लेकीची वाट. आणि लेक चढत असताना आई पुन्हा विभागायला मोकळी. मला या संपूर्ण विषयात याहून विलक्षण काही वाटत नाही.

चढतात कशा, तेही बघण्यासारखं आहे. कोकणात माडावर चढणारा पाडेली आधी हात वर टाकून खोड कवटाळतो, मग अंग आखडून पाय वर ओढतो, क्षणभर थबकतो आणि पुन्हा हात टाकतो. चेतापेशीची रीत बरीचशी अशीच. ती आधी पुढे एक बारीक शेपटासारखा भाग लांबवते आणि त्याने तंतू चाचपते. मग त्या भागात एक फुगवटा येतो आणि पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांचं केंद्र त्यात सरकतं. शेवटी सगळ्यात जड ओझं, म्हणजे केंद्रक, एका झटक्यात त्यामागे ओढलं जातं. मग थांबा. मग पुन्हा. न्यूयॉर्कमध्ये मेरी हॅटन यांनी 1987 मध्ये अनुमस्तिष्कातल्या, म्हणजे लहान मेंदूतल्या, पेशींची ही चाल काचेच्या बशीत चित्रित केली, तेव्हा हे झटके आणि थांबे स्पष्ट दिसले.

हॅटन यांच्या बशीतले प्रयोग मला विशेष आवडतात, कारण ते एकाच बाजूची गोष्ट सांगत नाहीत. ग्लिया पेशी एकट्या वाढवल्या तर त्या पसरट होतात आणि विभागत सुटतात. त्यांच्यात चेतापेशी सोडल्या, की त्यांचं विभागणं मंदावतं आणि त्या अंग लांबवून तंतू काढतात. म्हणजे वाट चढणाऱ्यासाठी तयार असते हे खरं, पण चढणारा आल्यामुळेही ती वाट बनते. पुढे त्यांनी मेंदूच्या दोन वेगळ्या भागांतल्या पेशींची अदलाबदल केली. अनुमस्तिष्कातली चेतापेशी हिप्पोकॅम्पसच्या ग्लियावर सोडली, तर ती बिनतक्रार चढली. उलट केलं तरी तेच. धरायची खूण सगळीकडे सारखीच असली पाहिजे. अनुमस्तिष्काचं नाव इथे सहज आलं म्हणून सांगतो, माणसाच्या मेंदूतल्या साधारण 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज या एका भागात आहेत आणि त्यातल्या जवळपास सगळ्या ग्लियाच्याच तंतूंना धरून आपापल्या जागी आलेल्या आहेत.

धरणं म्हणजे नक्की काय? 2007 मध्ये क्रीगस्टाइन यांच्याच गटाने यातला एक सुंदर तपशील शोधला. शेजारच्या दोन पेशींमध्ये बारीक बोगदे तयार करणारी कनेक्झिन नावाची प्रथिनं असतात. या बोगद्यांतून पेशी एकमेकींना लहानसहान रेणू देतात, हेच त्यांचं काम समजलं जाई. कनेक्झिन कमी केलं, तर चेतापेशी चढेनात. वाटलं, काही निरोप बोगद्यातून जात असणार. म्हणून त्यांनी बोगदा बंद, पण चिकटण्याची ताकद शाबूत असं बदललेलं प्रथिन दिलं. पेशी चढू लागल्या. मग बोगदा चालू, पण चिकटणं कमजोर असं प्रथिन देऊन पाहिलं. पेशी अडकल्या. चढणीसाठी निरोपाची गरजच नव्हती, फक्त पकड हवी होती.

निरोप मात्र दुसऱ्या ठिकाणी मिळतो. जन्मल्यावर लगेच चेतापेशी तंतू धरत नाही. ती काही काळ अनेक दिशांना हातपाय काढून तिथल्या तिथे घुटमळते. मग अचानक तिचा आकार बदलतो, दोन टोकांची सडपातळ होते आणि वेगाने वर निघते. हा बदल कशाने? 2018 मध्ये टोकियोतल्या चिआकी ओहताका-मारुयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. वाटेवर, होऊ घातलेल्या कॉर्टेक्सच्या अगदी खाली, आधी जन्मलेल्या आणि आधीच स्थिरावलेल्या चेतापेशींचा एक थर असतो. त्या पेशी घुटमळणाऱ्या नवख्या पेशींशी तात्पुरती जोडणी करतात आणि ग्लुटामेट हे रसायन सोडतात. तोच इशारा. पुढे आयुष्यभर आपल्या चेतापेशी एकमेकींशी ज्या रीतीने बोलणार असतात, त्याच रीतीने वडीलधारी पेशी लहानीला सांगते, की आता नीघ. या वडीलधाऱ्यांपैकी बऱ्याच पेशी नंतर मरून जातात.

निघणं झालं, चढणं झालं. थांबायचं कुठे, हे कोण सांगतं?

इथे एडिंबरोत जन्मलेल्या काही लडखडणाऱ्या उंदरांकडे जावं लागतं. 1951 मध्ये डग्लस फाल्कनर यांनी त्यांच्याविषयी लिहिलं. ती पिल्लं चालताना झोकांड्या खात, कलंडत, म्हणून त्यांना 'रीलर' म्हणजे झोकांड्या खाणारा असं नाव पडलं. हा शोधनिबंध छापून आला 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये, ज्याचे संपादक होते जे. बी. एस. हाल्डेन. हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले, भारतीय झाले, आणि ते नियतकालिकही त्यांच्यासोबत इथे आलं. आज ते बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसकडून निघतं. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांना दिशा देणारा तो निबंध ज्या पानांत आला, ती पानं आता आपल्या देशात निघतात, याचा मला आनंद वाटतो.

रीलर उंदराच्या मेंदूत काय बिघडलं होतं, ते कळण्यासाठी नीट मेंदू कसा रचला जातो ते माहीत हवं. 1961 मध्ये अँजेविन आणि सिडमन यांनी किरणोत्सारी खूण लावून उंदरातल्या पेशींच्या जन्माच्या वेळा नोंदवल्या. त्यांना दिसलं, की कॉर्टेक्स आतून बाहेर रचला जातो. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरात बसतात. नंतर जन्मलेली प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या गर्दीतून वाट काढत तिच्या वर जाऊन बसते. रीलर उंदरात ही रचना जवळजवळ उलटी झालेली असते. नव्या पेशी जुन्यांना ओलांडू शकत नाहीत आणि खालीच तुंबतात.

ते जनुक 1995 मध्ये सापडलं, आणि खरी गंमत तेव्हा उघड झाली. जनुक ज्या प्रथिनासाठी आहे, ते रीलिन, चढणाऱ्या पेशी बनवतच नाहीत. ते बनवतात कॉर्टेक्सच्या सगळ्यात वरच्या कडेला आधीपासून बसलेल्या काहाल-रेट्झियस पेशी. रामोन इ काहाल आणि गुस्ताफ रेट्झियस या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची चित्रं काढून ठेवली होती, पण त्या करतात काय हे शंभर वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रीलिन सोडतात, खालून येणाऱ्या पेशींवरचे ग्राहक रेणू ते ओळखतात, आणि त्यानुसार पेशी पकड बदलते, शेवटचा टप्पा पार करते, तंतू सोडते. रीलिन 'थांब' म्हणतं, की 'इकडे ये' म्हणतं, की दोन्ही, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. काम झालं, की काहाल-रेट्झियस पेशीही बहुतांशी नाहीशा होतात. अरीय ग्लियांपैकी अनेकींचं रूपांतर ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट पेशींत होतं. वाट दाखवणारे पडद्याआड जातात, म्हणून मोठ्या माणसाच्या मेंदूत त्यांचा मागमूस सहजी सापडत नाही.

सगळ्याच पेशी सरळ वर चढत नाहीत. मेंदूला आवर घालणाऱ्या, म्हणजे इतर चेतापेशींना शांत करणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाकडच्या भागात जन्मतात आणि आडव्या वाटेने कॉर्टेक्समध्ये शिरतात. हे 1997 मध्ये कॅलिफोर्नियात जॉन रूबेनस्टाइन यांच्या गटाने दाखवलं. मेंदूवरच्या आवरणातून पाझरणारी रसायनं त्यांना प्रवाहात धरून ठेवतात. आपल्या मुंबईतही अशी एक वाट सापडली आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने 2007 मध्ये उंदराच्या गर्भात पेशींचा एक प्रवाह दाखवला. तो मेंदूच्या मागच्या बाजूने निघून अमिग्डलाकडे, म्हणजे भीती आणि भावनांशी निगडित भागाकडे जातो. अमिग्डलाचा काही भाग कॉर्टेक्सचाच नातेवाईक आहे, हे त्यातून कळलं.

आणि काही प्रवासी वाट स्वतः मोकळी करतात. प्रौढ उंदराच्या मेंदूतही नव्या पेशी जन्मतात आणि वास ओळखणाऱ्या भागापर्यंत काही मिलिमीटर चालत जातात. त्या एकमेकींना धरून, साखळी करून, ॲस्ट्रोसाइटनी घेरलेल्या बोगद्यांतून जातात. 2010 मध्ये जपानमध्ये काझुनोबू सावामोतो यांच्या गटाने दाखवलं, की या पेशी स्लिट नावाचं प्रथिन सोडतात, त्याने ॲस्ट्रोसाइट मागे सरतात आणि बोगदा खुला राहतो. माणसाच्या बाळातही जन्मानंतरचे काही महिने कपाळामागच्या भागाकडे नव्या पेशींचे ताफे जात असतात, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. पाळण्यातल्या तान्ह्या बाळाच्या मेंदूत चेतापेशी अजून रस्त्यावर असतात!

वाट चुकली तर काय होतं, ते काही मुलांच्या एमआरआयमध्ये दिसतं. लिस्सेनसेफली या आजारात मेंदूवर सुरकुत्याच नसतात, तो गुळगुळीत राहतो. त्याचं एक जनुक, एलआयएस-1, 1993 मध्ये मिळालं. त्याचाच भाऊबंद बुरशीत निघाला, आणि तिथेही त्याचं काम केंद्रकाला जागेवर नेणं हेच होतं. डबलकॉर्टिन या जनुकात दोष असलेल्या मुलींत पेशींचे दोन गट पडतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू राहतो, म्हणून काही पेशी नीट चढतात आणि काही अर्ध्यावर थांबतात. अर्ध्यावर थांबलेल्यांचा दुसरा पट्टाच कॉर्टेक्सखाली तयार होतो. काही आजारांत याच्या उलट होतं. मेंदूच्या पृष्ठभागावरचा पापुद्रा, जिथे ग्लियाचे तंतू टेकलेले असतात, तो कमजोर असतो आणि पेशी त्यातून बाहेर सांडतात. रीलिनमधला दोष माणसातही होतो, हे 2000 मध्ये कळलं. ती मुलं नात्यात लग्नं झालेल्या घरांतली होती.

दोष नेहमी जनुकातच असतो असं नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बवेळी गर्भात असलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षं अभ्यास झाला. गर्भ 8 ते 15 आठवड्यांचा असताना किरणोत्सर्ग झालेल्यांच्या बुद्धीवर सर्वांत जास्त परिणाम झाला होता. नेमका हाच काळ चेतापेशींच्या जन्माचा आणि चढणीचा. दारूनेही या प्रवासात अडथळा येतो, म्हणून गरोदरपणात ती थोडीसुद्धा नको.

आपल्याकडे आकडी येणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये कधी 'हेटेरोटोपिया' किंवा 'लिस्सेनसेफली' हे शब्द येतात. पहिल्याचा अर्थ काही चेतापेशी वाटेत अडकल्या, दुसऱ्याचा अर्थ चढणच नीट झाली नाही. अनेकदा कारण एखाद्या जनुकातल्या बदलात असतं, आणि तो बदल कित्येकदा आईवडील दोघांतही नसतो, बाळातच पहिल्यांदा झालेला असतो. अशा मुलाला बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा, जनुकीय तपासणीबद्दल विचारा, आणि मामे-आतेभावंडांत लग्न झालं असेल तर पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला जरूर घ्या. आणि त्या आईला कृपा करून विचारू नका, की ग्रहणात तू भाजी चिरली होतीस का. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही.